हन्नाबाईंचा करार

परतूरच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी मोठी उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर मंडळीतले सात जण पाळीपाळीने उभे राहून बोलतात. आजवर हे सातही जण पुरुषच असत. त्या वर्षी पहिल्यांदा एका मुलीचं नाव आलं. आकांक्षा खरात, पाळक मच्छिंद्र खरातांची एकुलती एक लेक. पुण्याहून ईश्वरविज्ञानाची पदवी घेऊन ती नुकतीच घरी आली होती. मारणाऱ्यांसाठी येशूने देवबापाकडे क्षमा मागितली, तो पहिला उद्गार तिच्या वाट्याला आला होता.

आमंत्रण करायला ती स्वतः हन्नाबाईंकडे गेली.

"मावशी, यावंच लागेल. तुम्ही नसाल तर मी उभीच राहणार न्हाई."

"शुक्रवारी मला घरात फार काम असतं गो."

"दर वर्षी तुमचं हेच. माझं पहिलं भाषण आहे. पहिल्या बाकावर तुम्ही बसलेल्या दिसल्या ना, तर माझी भीती जाईल."

हन्नाबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "येते."

हन्नाबाई झिराडकर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातली जुनी नर्स. अलिबागकडची बाई तरुणपणी इकडे नोकरीला आली आणि इकडचीच होऊन गेली. परतूरच्या मंडळीतली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मली, आकांक्षासुद्धा. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर एकटीला घर खायला उठायचं, म्हणून पाळकांच्या बायकोने, नंदाबाईंनी, तिला रविवारी चर्चला यायला सांगितलं. तेव्हापासून ती यायची. दाविदाची स्तोत्रं तिला तोंडपाठ होती, आणि म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मिशनचा दवाखाना, हन्ना हे नाव, तोंडात दावीद. ती ख्रिस्ती आहे का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी ती तान्ह्या मुलांना घेऊन बाहेर झाडाखाली जायची, म्हणजे आयांना निवांत पुढे जाता यावं. बायका तिला दुवा द्यायच्या. भाकर आणि द्राक्षरस तिने स्वतः कधीच घेतला नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी ती आली. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पहिल्या बाकावर कडेला. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि दोन पंखे गरम हवाच फिरवत होते.

आकांक्षाने सुरुवात छान केली. आवाज कापला नाही. अंगात खिळे ठोकलेला माणूस ठोकणाऱ्यांसाठी दया मागतो, हे तिने असं सांगितलं की मागच्या बाकांवरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग ती पुढच्या मुद्द्याकडे आली. मुद्दा तिच्या बापाचा होता. लहानपणापासून तिने तो दर वर्षी ऐकला होता.

"पण यहुद्यांनी ही क्षमा घेतली का? नाही घेतली. म्हणून काय झालं? त्यांचं मंदिर पडलं. त्यांचं शहर जळलं. ते जगभर विखुरले गेले. देवाने अब्राहामाशी केलेला करार त्यांनी मोडला, आणि देवानेही तो फाडून टाकला. त्या लोकांना देवाने टाकून दिलं, बंधुभगिनींनो! त्यांची जागा आपल्याला दिली. आज देवाचे लोक कोण? आपण!"

"आमेन," मंडळी म्हणाली.

हन्नाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी एका हाताने बाक धरला होता. उकाड्याने चक्कर आली असेल असं वाटून आकांक्षा बोलायची थांबली.

"मावशी? पाणी आणू का?"

"नको," हन्नाबाई म्हणाल्या. "आकांक्षा, मी यहुदी आहे."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या बाकावरून तो थेट माइकमध्ये गेला. पिशवी उचलून त्या मधल्या वाटेने हळूहळू दाराकडे चालू लागल्या. कुणी उठलं नाही. दाराशी चपला घालायला त्यांना वेळ लागला, तोवर सगळी मंडळी मान वळवून एका म्हाताऱ्या बाईला चपला घालताना बघत राहिली. मग त्या उन्हात गेल्या.

आकांक्षाला पुढचं काहीच आठवेना. समोरचा कागद दिसत होता, अक्षरं दिसत होती, पण ती वाचता येत नव्हती. "आमेन" म्हणून ती खाली बसली. उपासना थांबवायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती चालू राहिली. दुसऱ्या उद्गारावर मंडळीचे सचिव भुजंग पारखे बोलायला उठले. ते एरवी गडगडाटासारखे बोलत. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य तीनदा म्हटलं आणि घाम पुसत जागेवर आले. बाकीच्यांनीही कसंबसं उरकलं. आकांक्षा हात मांडीवर ठेवून बसली होती.

तीन वाजता लोक बाहेर आले आणि लिंबाच्या झाडाखाली घोळका झाला.

"आपल्यात बसून राह्यली इतकी वर्षं," भुजंगराव म्हणाले, "आणि एका शब्दानं बोलली न्हाई!"

"आपण इचारलं कधी?" नंदाबाई म्हणाल्या.

"इचारायचं काय त्यात? चर्चात येणारा माणूस ख्रिस्तीच असतो की!"

शालू पारखे, भुजंगरावांची सून, सहा महिन्यांचं बाळ छातीशी धरून उभी होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "मामंजी, हे पोरगं झालं तव्हा मी त्यांनाच बोलवून घेतल्तं. डॉक्टरीणबाई होत्या, पण माझा जीव हन्नाबाईंवर. त्यांनी ह्याला हातात घेतलं आन् कानाशी काय तरी पुटपुटल्या. मला वाटलं, येशूची प्रार्थना." तिने बाळाच्या कानाकडे पाहिलं. "काय म्हणल्या असतील वो?"

प्रत्येक आईला आपापलं बाळंतपण आठवलं असावं, कारण बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

थोड्या वेळाने भुजंगरावांचा चेहरा बदलला. धक्का ओसरून तिथे भलताच आनंद आला. "पाळकसाहेब, हे देवानंच घडवलं! वचन ऐकलं आन् बाई उभी राह्यली. हे काय साधं हाय? परवा पुनरुत्थानाचा दिवस. त्याच दिवशी त्यांचा बाप्तिस्मा करू. अख्ख्या जिल्ह्यात असं झालं नसंल. जालन्याहून चार लोकं बोलवतो मी, फोटो-बिटो काढू. आकांक्षाला पाठवा बोलायला. तिला न्हाई म्हणणार न्हाईत त्या."

मच्छिंद्र पाळक जवळच उभे होते. ते शांत माणूस होते. उन्हातान्हात गावोगाव मोटरसायकलवर फिरून त्यांनी ही मंडळी उभी केली होती. ते लेकीला म्हणाले, "जाऊन ये. जबरदस्ती बिलकुल करू नको. पण विचार."

*

शनिवारी सकाळी आकांक्षा गेली. आईने दिलेला नानकटाईचा डबा हातात होता.

हन्नाबाई बाजारपेठेच्या मागे राधेश्याम शेठच्या घरात खालच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. दारातच शेठच्या आई भगवतीदेवी माळ ओढत बसल्या होत्या.

"आज बाईंचा शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "चूल पेटवत नाहीत त्या. चहा मिळणार नाही हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हे काय विचारणं झालं? माझ्या लग्नापासून बघते. शनिवार म्हणजे मारुतीचा उपास असेल, असं मी धरून चालले. देव कुठला का असेना, नेम बराबर पाळतात."

हन्नाबाई आत कॉटवर बसल्या होत्या. रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे. आकांक्षा त्यांच्या पायाशी खाली बसली आणि रडायला लागली.

"मावशी, मला माहीत नव्हतं. शपथ, मला माहीत नव्हतं."

हन्नाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. आकांक्षाला ते जाणवलं. लहानपणापासून हा हात न मागता डोक्यावर यायचा.

"मी काल घरी आले आणि उलटी केली," हन्नाबाई म्हणाल्या. "मला वाटलं उन्हाने. पण उन्हाने नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुला माहीत नव्हतं म्हणतेस. समज, मी आले नसते. तर तू बोललीस ते खरं ठरलं असतं का?"

आकांक्षाचं रडणं थांबलं. हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. काल दुपारपासून तिला एकाच गोष्टीची लाज वाटत होती, की हे त्यांच्या तोंडावर बोललं गेलं.

काहीतरी करायचं म्हणून तिने डबा उघडून पुढे केला. "आईने दिलंय."

"ठेव. मला चालणार नाही. आमचा सण चालू आहे. फुगवलेलं काही खात नाही आम्ही या आठवड्यात."

तेव्हा आकांक्षाने पाहिलं. टेबलावर ताटलीत तांदळाच्या पातळ भाकऱ्या होत्या, कालच्या, फडक्याखाली. शेजारी उकडलेलं अंडं आणि कोथिंबीर. "मावशी, हा वल्हांडण?"

"तुम्ही वल्हांडण म्हणता. हो, तोच."

वल्हांडण सणावर आकांक्षाने पुण्यात पंधरा पानी निबंध लिहिला होता. मिसर देशातल्या गुलामीतून यहुद्यांची सुटका, दारांना लावलेलं कोकराचं रक्त, निघताना घाईघाईने न फुगवता भाजलेली भाकर. पकडला गेला त्या संध्याकाळी येशू शिष्यांबरोबर हेच जेवायला बसला होता, हेही तिने लिहिलं होतं. ते सगळं संपलेलं, जुनं, नकाशातल्या देशातलं आहे असं धरून तिने लिहिलं होतं. आणि इथे परतूरच्या बाजारपेठेमागे ती भाकर फडक्याखाली होती. येशू जे जेवला ते जेवणारी एकच बाई अख्ख्या गावात होती, आणि तिला देवाने टाकलं असं आकांक्षा काल माइकवरून सांगून आली होती.

"तुम्ही आमच्याकडे का येत राहिलात मग?" तिने विचारलं. "हे सगळं ऐकून घ्यायला?"

"इथे दुसरं कोण आहे माझं? आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला दहा माणसं लागतात. परतुरात मी एकटी. दावीदराजाची गाणी माझा बाप मला मराठीतून म्हणून दाखवायचा. इथे तीच गाणी रविवारी तुम्ही म्हणत होता. मी दारात ऐकत उभी राहिले, नंदाने आत बोलावलं. मी आले. मला वाटलं, एकच देव आहे, एकच गाणी आहेत, बसावं कोपऱ्यात. प्रवचन चालू झालं की मी मनात हिशोबाचं काहीबाही आठवत बसायची. या शुक्रवारी मात्र मी कधीच येत नव्हते. आमच्या घरात लहानपणापासून सांगितलेलं, त्या दिवशी ख्रिस्ती देवळाच्या बाजूला जायचं नाही, आपल्याला दोष देतात."

"आणि मी ओढून आणलं."

"मी माझ्या पायांनी आले. तुझं पहिलं भाषण."

बाहेर हातगाडीवाला कलिंगडं विकत गेला. मग आकांक्षाने सांगून टाकलं, कारण तिला पाठवलंच त्यासाठी होतं. "मावशी, मंडळीला वाटतं की उद्या तुम्ही बाप्तिस्मा घ्यावा."

हन्नाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. कालच्यापेक्षा हा धक्का मोठा असावा. "कालचं ऐकून मी तयार झाले असेन, असं वाटलं त्यांना?"

आकांक्षाने मान खाली घातली.

"ऐक," हन्नाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझा मोठा भाऊ तिकडे गेला, इस्राएलात. मी लहान होते. तिथे लग्न करायला गेला तर त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानातले लोक, तुम्ही खरे यहुदी कशावरून? आधी सिद्ध करा. त्यासाठी तो रस्त्यावर धरणं धरून बसला होता, आपल्या बाकीच्या लोकांबरोबर. पुढे मिटलं ते. पण त्याने पत्र लिहिलं, ते आईने वाचलं आणि दोन दिवस ती जेवली नाही. तिकडे म्हणाले, तुम्ही यहुदी नाही. इकडे तू म्हणतेस, यहुदी असशील तर देवाने टाकलंय. मी कुठे जाऊ? सांग ना, शिकून आलीस तू."

आकांक्षाने नानकटाईचा डबा बंद केला.

"मी काही शिकलेली नाही धर्माचं. मला एवढं माहीत आहे की देवाने आमच्या बापाला, अब्राहामाला, शब्द दिला. आम्ही वाईट वागलो असू. आमचे संदेष्टेच आम्हाला शिव्या देऊन गेलेत, तुमच्यापेक्षा जास्त. पण त्याने शब्द मागे घेतला, असं मला एकाही शनिवारी वाटलं नाही. एकटी दिवा लावते तेव्हासुद्धा नाही. मला बाप्तिस्मा द्यायचा तर आधी मला हे वाटणं बंद करावं लागेल. ते मला जमणार नाही."

निघताना आकांक्षाने दारातून विचारलं, "बाळ जन्मलं की तुम्ही कानात काय म्हणायच्या?"

"का? घाबरलेत का?"

"हो."

हन्नाबाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "आभार मानायची," त्या म्हणाल्या. "आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या दिवसापर्यंत आणलंस म्हणून. दुसरं काही नाही. जा तू आता."

*

संध्याकाळी मच्छिंद्र पाळक अंगणात खुर्ची टाकून रविवारच्या प्रवचनाची तयारी करत होते. आकांक्षा समोर येऊन उभी राहिली.

"त्या नाही म्हणाल्या."

"हं." त्यांना वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

"बाबा, देवाने त्यांच्याशी केलेला करार मोडला, हे आपल्याला कुणी सांगितलं?"

"शास्त्रात आहे. नवा करार आला, जुना संपला. मला माझ्या गुरूंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी."

"पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलं त्यात उलटं आहे. मी दुपारभर तेच वाचत होते. देवाने आपल्या लोकांना टाकलं का, असं तो स्वतःच विचारतो आणि स्वतःच म्हणतो, मुळीच नाही. आपण जंगली जैतुनाच्या फांद्या, त्यांच्या झाडावर कलम केलेल्या. मूळ त्यांचं. तोरा मिरवू नका, असं बजावतो तो. आपण दर वर्षी मिरवतो."

"त्याचा अर्थ असा नाही, बेटा. शेवटी त्यांनीही ख्रिस्ताकडे यावं म्हणून तो..."

"आले तर येतील. ते देव आणि ते बघतील. मी वेगळं विचारते." ती खुर्चीजवळ सरकली. "आज्जी गेली तेव्हा खड्ड्यापाशी उभं राहून तुम्ही म्हणालात, देवाने हिला शब्द दिलाय, तो शब्द मोडत नाही. मी ऐकलंय. प्रत्येकाच्या मातीला तुम्ही हेच म्हणता. बाबा, जो देव अब्राहामाला दिलेला शब्द फाडू शकतो, तो आज्जीला दिलेला का नाही फाडणार? आपण त्यांच्यापेक्षा बरे आहोत म्हणून? भुजंगकाका बरे आहेत? मी बरी आहे?"

मच्छिंद्र पाळकांनी कागद बाजूला ठेवला. चष्मा काढला. त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं तरी त्यांनी उचललं नाही. आत भांडी घासत असलेल्या नंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचा असा चेहरा त्यांनी सासूच्या मातीलासुद्धा पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या फळीवर उभं राहून माणूस लोकांना हात देत आला, ती फळी मधोमध चिरलेली दिसावी, तसे ते बघत होते. आणि चीर पाडणारे आपणच, हेही त्यांना दिसत असावं.

"मला एकट्याला बसू दे थोडं," ते म्हणाले.

*

रविवारी चर्च भरलं होतं. हन्नाबाईंचा नकार पाळकांच्या घराबाहेर गेला नव्हता, आणि भुजंगरावांनी जालन्याहून पाहुणे बोलावले होते. शालूने हन्नाबाईंच्या बाप्तिस्म्यासाठी नवी पांढरी साडी आणली होती, घडी न मोडलेली. भीती गेल्यावर तिला तेच सुचलं होतं. पहिल्या बाकावरची कडेची जागा मोकळी होती आणि सगळे दाराकडे बघत होते.

गीतं झाल्यावर मच्छिंद्र पाळक उभे राहिले. प्रवचनाचा कागद आणला नव्हता.

"हन्नाबाई येणार नाहीत," ते म्हणाले. "बाप्तिस्मा होणार नाही. मी त्यांना पुन्हा विचारणारही नाही." कुजबुज झाली. ती थांबेपर्यंत ते थांबले. "शुक्रवारी माझ्या पोरीच्या तोंडून जे निघालं ते माझं आहे. मीच तिला शिकवलं. देवाने यहुद्यांना टाकलं, असं मी या जागेवरून दर वर्षी सांगितलं. ते चूक होतं. देवाने त्यांना दिलेला शब्द अजून चालू आहे. तो चालू आहे म्हणूनच आपल्याला दिलेल्या शब्दावर मी विश्वास ठेवू शकतो."

मग भुजंगराव उभे राहिले. उपासना चालू असताना मधेच उभं राहणारा तो माणूस नव्हता.

"मंग आपण कोण, पाळकसाहेब?"

"म्हणजे?"

"ते अजून देवाचे लोक हायेत म्हणता. मंग आपण कोण?" त्यांचा आवाज फाटला. "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. हितं आल्यावर त्याला सांगितलं, तू देवाचा निवडलेला हायेस. त्या एका शब्दावर त्यानं मान वर केली. बापानं केली, मी केली. आता तुम्ही म्हणून राह्यले, ती जागा दुसऱ्याची हाय? आपण तिथं बी उपरे?"

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आकांक्षाच्याही नाही. शास्त्रातली ओळ सापडली म्हणून काल ती जिंकल्यासारखी झोपली होती.

मच्छिंद्र पाळक वेदीवरून खाली उतरले आणि भुजंगरावांच्या समोर जाऊन उभे राहिले. "भुजंगराव, उपरे न्हाई. माझा आज्या बी त्याच विहिरीवरचा. आपल्याला जागा देताना देवानं कुणाला उठवलं न्हाई, एवढंच म्हणतो मी. कुणाला तरी उठवल्याबिगर आपल्याला बसता येत न्हाई, असं आपल्याला गावानं शिकवलं. देवानं न्हाई."

पुस्तकं गोळा करून भुजंगराव बाहेर गेले, आणि त्यांच्यामागून त्यांच्या घरची माणसं. शालू दाराशी थांबली. हातातल्या साडीचं काय करावं तिला कळेना. ती तिने नंदाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि गेली.

*

त्यानंतर बरंच काही झालं. भुजंगरावांनी वर तक्रार केली. आकांक्षाला मिळायची होती ती पाळकपदाची दीक्षा पुढे ढकलली गेली. तिला बोलावून चार मोठ्या माणसांनी विचारलं, तेव्हा तिने जे वाटत होतं ते सांगितलं. एक जण तिच्या बाजूचे होते, दोन विरुद्ध, आणि एकाने सगळा वेळ फक्त चहा घेतला. निकाल अजून यायचा आहे. काही घरं गावाबाहेर भरणाऱ्या दुसऱ्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. भुजंगराव मात्र पावसाळ्यानंतर परत आले. मागच्या बाकावर बसतात, पाळकांशी बोलत नाहीत.

मच्छिंद्र पाळक हन्नाबाईंकडे जाऊन माफी मागून आले. हन्नाबाईंनी चहा दिला, माफी दिली, आणि आपण चर्चला येणार नाही हेही सांगितलं. "माझा राग नाही, पाळकसाहेब. पण आता मी तिथे बसले की प्रत्येक शब्दाला कान टवकारून बसेन. या वयात ते होत नाही माझ्याने."

नंदाबाईंनी आग्रह केला नाही. जाता-येता त्या स्वतःच हन्नाबाईंकडे बसायला लागल्या.

पुढच्या वर्षी उत्तम शुक्रवार आला तेव्हा पहिल्या उद्गारावर बोलायला मच्छिंद्र पाळक स्वतः उभे राहिले. आकांक्षा त्या दुपारी चर्चमध्ये नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा. ती हन्नाबाईंच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. सूर्य मावळला की हन्नाबाईंचा शनिवार लागतो, त्याच्या आत उद्याचा सगळा स्वयंपाक व्हायला हवा होता आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते.

चर्चचा लाउडस्पीकर बाजारपेठेपर्यंत ऐकू येतो. आधी गीत आलं, मग खरखर, मग बापाचा आवाज. आकांक्षाचे हात थांबले. हन्नाबाई रश्शात मीठ घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण पळी भांड्यातच राहिली.

त्या दिवशी वधस्तंभाखाली उभं राहून रडणाऱ्या बायका यहुदी होत्या, मच्छिंद्र पाळक सांगत होते. येशूची आई यहुदी होती. क्षमा मागणारा स्वतः यहुदी होता, आणि तो त्याच्या बापदादांच्या देवाकडेच मागत होता. खिळे ठोकणारे हात रोमच्या शिपायांचे होते. आणि क्षमेची गरज कुणाला, असं विचाराल तर मी माझ्यापासून सुरुवात करतो, असं म्हणून ते थांबले. खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. माइक बंद पडला की काय, असं वाटलं. मग ते खाकरले आणि पुढे बोलू लागले. आवाज चिरका झाला होता.

आकांक्षा हन्नाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे काहीतरी उमटेल अशी तिला आशा होती.

"घसा बसलाय तुझ्या बापाचा," हन्नाबाई म्हणाल्या आणि पळी फिरवली. "रात्री हळद घालून दूध दे त्याला. आणि ते तांदूळ आण इकडे, पाणी उकळलं."